गुरुजींच्या हजेरीचं नवं पान

लातूरहून परत येऊन दोन आठवडे होत आले. नांदेडात कुणीही भेटलं की विचारतं, "काय सर, लातूर गाजवून आलात म्हणे?" एरवी एवढ्या प्रश्नावर मी तासभर बोललो असतो. गोदावरीला पूर आला तेव्हा एका हातानं पोहत आणि दुसऱ्या हातानं डोक्यावर लॅपटॉप धरून मी एका शाळेची वेबसाइट दुरुस्त केली होती, ही हकीकत मी इतक्यांदा सांगितली आहे, की आता माझ्या बायकोलाही ती घडल्यासारखी वाटते. पण लातूरचं कुणी काढलं की मी म्हणतो, "उकडत होतं," आणि चहा मागवतो. म्हणून लिहून काढतोय. लिहिताना निदान समोरच्याचं तोंड बघावं लागत नाही.

माझा धंदा आधी सांगतो. मी जावास्क्रिप्ट शिकवतो. वेबसाइटच्या पानावर जे काही हलतं, उघडतं, मिटतं, बोट लावल्यावर जागं होतं, ते या भाषेच्या जोरावर. भाषा बरी आहे, पण तिच्यासोबत येणाऱ्या अवजारांनी मला बेजार केलंय. एकदा मी एक नवंकोरं फ्रेमवर्क, म्हणजे कोड बसवायचा तयार सांगाडा, शिकवायला घेतलं. पहिला धडा संपेपर्यंत ते नवं होतं, मधल्या सुट्टीत जुनं झालं, आणि वर्ग सुटला तेव्हा पोरं त्याला खांदा देऊनच बाहेर पडली. हे फुगवून सांगतोय, पण थोडंच. वीस वर्षं मी हेच करून राहिलोय. जे मागच्या वर्षी घोकून घेतलं ते यंदा विसरायला लावायचं, आणि त्याला 'आधुनिक' म्हणायचं.

अशात लातूरच्या मन्मथ सरांचा फोन आला. ट्यूशन एरियात त्यांचा मोठा क्लास. डॉक्टर घडवून झाले, इंजिनिअर घडवून झाले, आता 'कोडिंग'ची बॅच काढली होती.

"सर, येलालाव नव्हं? एक दिवस आमच्या पोरांला आधुनिक जावास्क्रिप्ट दाखवा. मग गावाकडं माझ्या वडलांचं एक काम हाय."

"काय काम?"

"त्यांची यादी उघडंना झाली. दर साली लागती ती. तीस सप्टेंबरला."

तीस सप्टेंबर म्हटल्यावर आमच्या भागात पुढचं कुणी विचारत नाही. ती त्र्याण्णवच्या भूकंपाची तारीख. मी म्हणालो, "यादीच ना? चहा निवायच्या आत उघडून देतो."

नांदेड ते लातूर

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, म्हणजे खिडकीच्या जागी खिडकी होती, काच नव्हती. लोह्यापर्यंत माझ्या अंगावर इतकी धूळ बसली, की मध्येच चढलेल्या एका ओळखीच्या माणसानं मला रामराम न घालता माझ्यावर बोटानं नाव लिहिलं.

अहमदपूरच्या स्टँडवर भजे खायला उतरलो. कढईतून निघालेला घाणा कागदावर पडतोय, मिरची मिठात लोळतेय, अशात मागं घंटी वाजली. वळून बघतो तर बस निघालेली. माझा लॅपटॉप आत, चपला आत, आणि मी बाहेर, अनवाणी, हातात भजे. मार्केट यार्डापर्यंत मी त्या बसच्या मागं असा पळालो, की एक कुत्रं माझ्या मागं लागलं आणि दम लागून परत फिरलं.

कंडक्टरनं दार उघडलं. "काय सर, भज्यांसाठी गाडी सोडलाव, का गाडीसाठी भजे?"

"दोन्ही धरलेत, बघा की."

माझी बॅग एका म्हातारीनं सीटवरून उचलून मांडीवर घेतली होती, वर पदर टाकलेला. चाकूरला उतरताना तिनं ती माझ्याकडं दिली. "घ्या तुमचं लेकरू. धक्का लागू दिला न्हाई." सारी बस हसली. मीही हसलो.

लातूर आणि नांदेड, दोन्हीकडं निजामाच्या वेळची गल्लीबोळं आणि दोन्हीकडं शिकवण्यांचं पीक, पण बोलणं वेगळं आणि पाणी वेगळं. आम्ही 'करून राहिलो' म्हणतो, हे 'करलालो' म्हणतात. नांदेडात पाहुणा आला की काठोकाठ तांब्या पुढं येतो, अर्धा पाहुण्याच्या पोटात, अर्धा त्याच्या पँटवर. मन्मथ सरांनी मला विचारलं, "पाणी किती देऊ?" आणि सांगितलं तेवढंच ओतलं. आधी मला तो कंजूसपणा वाटला. मग आठवलं, या गावानं एका उन्हाळ्यात रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेलं आहे.

ट्यूशन एरिया

ट्यूशन एरियात आकाश नाही. जिथं असायला पाहिजे तिथं फलक आहेत, आणि फलकांवर गुणवंतांचे चेहरे. सकाळी सहाला रस्ता पाठीवर दप्तर घेतलेल्या पोरापोरींनी भरतो. कुणी बोलत नाही. ओठ हलतात, पण ते पाठांतर असतं. गाडीवर निलंगा राइस खातानाही एका पोरीचं पुस्तक घासाच्या वर उघडं होतं, आणि मला खात्री आहे, तिनं तिखट किती होतं हे सांगितलं नसतं, पण पान नंबर सांगितला असता.

मन्मथ सरांच्या वर्गात पन्नासेक पोरं आणि एक संगणक, तोही माझा. मी दणक्यात सुरुवात केली. पूर्वीचं 'व्हार' कसं गेलं आणि 'लेट' नि 'कॉन्स्ट' कसे आले. बाण काढून फंक्शन कसं लिहायचं. उत्तर यायला वेळ लागणार असेल तर 'अवेट' लिहून कोडाला कसं दमानं घ्यायला लावायचं. पोरं मान खाली घालून सगळं उतरवून घेत होती, माझा खोकलासुद्धा.

पहिल्या बाकावरच्या पोरीनं हात वर केला. "सर, हे किती मार्काला येतं?"

"कशात?"

"परीक्षेत."

"परीक्षेत नाही गं, कामात येतं."

तिनं शेजारणीकडं बघितलं आणि दोघींनी पेनाची टोपणं लावली. इतक्या शांतपणे मला आजवर कुणी संपवलं नव्हतं.

तेवढ्यात जमिनीखालून मोठ्या ट्रकचं फाळकं आपटल्यासारखा आवाज आला. फळा थरथरला. मी टेबलाखाली कसा गेलो मला माहीत नाही. गेलो तो खुर्चीसकट. वर बघतो तर एकही मान उचललेली नाही.

"सर, चालू द्या," ती पोरगी म्हणाली. "असं व्हतच आसतंय."

पेनाची टोपणं परत काढायला लावायची म्हणून मी मग माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. चहाच्या सुट्टीत पोरांना खाली पिटाळलं आणि रस्त्यावरच्या सगळ्या फलकांवरची गुणवंतांची नावं लिहून आणायला सांगितली. लांबलचक यादी झाली. ती संगणकात भरली आणि म्हणालो, "जावास्क्रिप्टमध्ये 'सेट' नावाची एक पेटी आहे. तिच्यात एकच गोष्ट दुसऱ्यांदा टाकली की ती घेत नाही. आता बघा. फक्त एक ओळ."

एंटर दाबलं. यादी आटून ओंजळभर उरली. एकच पोरगा चार क्लासच्या फलकांवर होता, चार वेगवेगळ्या शर्टांत. वर्ग असा हसला, की वरच्या मजल्यावरचे भौतिकशास्त्राचे सर खाली आले. मन्मथ सरही हसले, जरा उशिरानं, आणि त्यांनी रस्त्याकडची खिडकी लावून घेतली.

"काय लक्षात ठेवायचं?" मी ओरडलो. "डुप्लिकेट दिसलं की?"

"सेट!" पन्नास पोरं ओरडली.

त्या रात्री मी लातूरचा राजा असल्यासारखा झोपलो.

गुरुजींचं गाव

दुसऱ्या दिवशी मन्मथ सरांच्या गाडीतून औशाकडं निघालो. उजनीला थांबून बासुंदी प्यालो. ती इतकी दाट, की वाटी उलटी धरून मी रस्ता ओलांडला. सर गाडी चालवत होते. एकदाच म्हणाले, "मला शिकवणीसाठी लातूरला ठेवलं व्हतं त्या साली. नववीत व्हतो. म्हणून हाय."

भूकंपानंतर वसवलेलं गाव रेघा मारलेल्या वहीसारखं आहे. सरळ रस्ते, सारखी घरं, दोन घरांत हाक पोचणार नाही एवढं अंतर. आमच्याकडं गल्लीत कुणी शिंकलं तर तिसऱ्या घरातून कुणीतरी 'जीते रहो' म्हणतं. इथं घरांना पक्कं छत आहे, आणि जवळपास प्रत्येक घरापुढं पत्र्याचं एक शेड. सामान छताखाली, माणसं पत्र्याखाली. लहान लेकरं छताखाली निजतात का विचारलं तर सर म्हणाले, "त्यांची आजी निजू देत न्हाई."

विश्वनाथ गुरुजी, मन्मथ सरांचे वडील, पत्र्याखालीच बसले होते. जुन्या गावात ते प्राथमिक शाळेचे मास्तर. त्या रात्री ते शेतातल्या आखाड्यावर, खोपीत झोपलेले, पोरगा लातूरला. घरात जे होते ते यादीत आहेत. आता डोळ्यांत मोतीबिंदू, आणि यंदा झालेल्या घशाच्या ऑपरेशननंतर आवाज वाफेसारखा, जवळ कान नेल्याशिवाय न कळणारा.

यादी म्हणजे काय ते त्यांनी मला सांगितलं. जुन्या गावातून गेलेल्या सगळ्यांची हजेरी. दर वर्षी त्या तारखेला सकाळी गाव स्मारकापाशी जमतं. गुरुजी एकेक नाव घेतात आणि त्या घरातलं मागं उरलेलं माणूस 'हजर' म्हणतं. ज्या घरात कुणीच उरलं नाही, त्याच्यासाठी सगळं गाव मिळून म्हणतं. नावं अक्षरांच्या क्रमानं नाहीत, घरांच्या क्रमानं आहेत. वेशीपासून सुरू, देवळाशी संपतं.

"गाव तर ऱ्हायलं न्हाई," गुरुजी म्हणाले. "नुसता क्रम ऱ्हायलाय."

हजेरीची वही पावसात भिजून अक्षरं फुटली, त्याच्या आधीच शाळेत पहिला संगणक आला होता. पन्नाशी उलटलेल्या गुरुजींनी पुस्तक पुढ्यात धरून वेबपान कसं करायचं ते शिकून घेतलं. काळ्यावर पांढरी मोठी अक्षरं. लांबपट्टीची कळ दाबली की पुढचं नाव. पण ज्या जुन्या ब्राउझरसाठी ते लिहिलं होतं तोच बंद झाला, आणि नव्यात नुसतं कोरं पान दिसायला लागलं. हजेरी उद्यावर आलेली.

मी ते कोड उघडलं आणि, आता लपवून काय करू, हसलो. ओळीओळीला 'व्हार'. नावं जुन्या फॉन्टात. "गुरुजी, हे वस्तुसंग्रहालयात ठेवायला पाहिजे."

"चालत व्हतं," गुरुजी म्हणाले.

मी बाह्या सरसावल्या. अवजारं उतरवून घ्यायची आज्ञा दिली, आणि एका पानासाठी इतक्या फायली उतरल्या, की पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. फ्रेमवर्क मांडलं. फॉन्ट बदलून घेतला. वर माझ्याकडून एक भर टाकली. मशीनच नाव वाचणार, तीन सेकंद 'अवेट', मग पुढचं नाव. "गुरुजी, उद्या तुम्ही खुर्चीत बसायचं. इतकी वर्षं तुम्ही हजेरी घेतली, आता मशीन घेईल."

गुरुजींच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला तेव्हा आनंद वाटलं.

दुपारी एक बाई ताट झाकून आल्या. शेवंताबाई. पलीकडच्या ओळीत एकट्याच राहणाऱ्या. ताटात ज्वारीचे धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. तिसऱ्या धपाट्याला मी ठरवलं, की नांदेड सोडून इथंच घर बांधावं.

"गुरुजी, ह्ये कोन?" त्यांनी विचारलं.

"नांदेडचे सर हाएत. यादी नीट करलालेत."

त्या माझ्याकडं वळल्या. "माझं यील नव्हं त्याच्यात?"

"येईल की, मावशी. काय नाव?"

"नाव न्हाई त्याला."

मी घास थांबवला.

"नवव्या दिसाचं व्हतं. बारसं ऱ्हायलं व्हतं. नाव आत्याबाईंनं ठरवलेलं. कानात सांगायचं म्हनून कुनाला बोलल्या न्हाईत. त्याबी घरातच व्हत्या त्या रातीला." हे त्या धपाट्याचं पीठ कसं मळलं ते सांगितल्यासारखं सांगत होत्या. "मालकांचं नाव येतं, मग आत्याबाईंचं, मग गुरुजी 'बाळ' म्हनतात. मग सुताराचं घर लागतं. वर्साला तेवढा एक शबूद बोलायचा आसतोय मला. म्हनून इचारलं."

"मावशी," मी छातीवर हात ठेवला, "माणूस भाजीत मीठ घालायला विसरेल. मशीन विसरत नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आनखी एक घ्या."

गुरुजींच्या पेनड्राइव्हवर दोन फायली होत्या. एक मूळ यादी, एक सुधारित. नंतर दवाखान्यांत गेलेल्यांची नावं ज्याच्या त्याच्या घराच्या जागी घातलेली. कुठलं कुठं राहू नये म्हणून मी सुधारित वर ठेवली, मूळ खाली जोडली. आता जवळपास प्रत्येक नाव दोनदा. फ्रेमवर्क तांबड्या अक्षरांत कुरकुरायला लागलं, की त्याच त्याच नोंदी पुन्हा येतायत. मी हसलो. हे तर कालचंच गणित. एक ओळ लिहिली. कुरकूर थांबली.

गुरुजी जवळ सरकले. "एकदा वरपासून खालपर्यंत बघून घ्यावं का?"

"गुरुजी, काल पन्नास पोरांसमोर चालवलेली ओळ आहे."

त्यांनी मान हलवली. जन्मभर शिकवत आलेला माणूस. दुसऱ्यानं वर्गात शिकवलेलं खोटं असेल, असं त्यांच्या मनात येत नसावं.

हजेरी

सकाळी नऊला स्मारकापाशी गाव जमलं. पुण्याहून, हैदराबादेहून आलेली माणसं होती. शाळेच्या भिंतीवर पडदा, शेजारी मोठा स्पीकर. गुरुजी धुतलेलं धोतर नेसून खुर्चीत. हात मांडीवर, आणि हातांना काही काम नाही.

मी बटण दाबलं. बाईच्या आवाजात मशीननं वेशीजवळच्या घरातलं पहिलं नाव घेतलं. स्वच्छ, शेवटच्या माणसापर्यंत पोचणारं. मागून एक घोगरा आवाज आला, "हजर."

माझ्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्यातसुद्धा थोडी शेखी होती. आवाज माझा नव्हता, पण यंत्र माझं होतं.

नावं होत राहिली. कुणी उभं राहून म्हणत होतं, कुणी बसल्या जागी. एका घराला कुणीच नव्हतं, तिथं सगळं गाव म्हणालं. वेशीकडच्या एका घरात मशीन 'बाळ' म्हणालं आणि चाळिशीच्या एका माणसानं, त्या बाळाच्या भावानं, 'हजर' म्हटलं. मी मन्मथ सरांकडं बघून मान हलवली, बघा, येतंय की नाही.

मग शेवंताबाईंच्या मालकांचं नाव आलं. त्या उभ्या राहिल्या. "हजर." आत्याबाईंचं आलं. "हजर." त्यांनी पदर नीट केला आणि मान थोडी तिरपी केली, ऐकायला करतात तशी. ओठ उघडले.

मशीननं सुताराच्या घरातलं पहिलं नाव घेतलं.

सुताराचा पुतण्या 'हजर' म्हणाला. म्हणणारच. त्याच्यासाठी तेच एक नाव होतं. शेवंताबाई उभ्याच. मला वाटलं, मागंपुढं झालं असेल, येईल. पुढची गल्ली लागली. तिथं एक बाई अशाच उभ्या राहिल्या आणि बसल्याच नाहीत. मग आणखी एक. त्या दोघींनी आधी मशीनकडं बघितलं, मग एकमेकींकडं, मग शेवंताबाईंकडं.

तेव्हा मला कळलं. यादीत 'बाळ' ही नोंद सात वेळा होती. सात घरांत सात. कुणाचं ते लिहायची गरज कधी पडली नाही, वरच्या नावावरून गावाला कळत होतं. आणि माझ्या पेटीनं पहिलं ठेवून घेतलं, बाकीची सहा घेतली नाहीत.

मी पळालो. अहमदपूरला बसमागं पळालो त्यापेक्षा जोरात. लॅपटॉपपाशी पोचलो आणि लक्षात आलं, की मी थांबायचं बटणच केलेलं नाही. लोकांनी थांबावं असं काही त्यात येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मशीन तीन सेकंदांनी पुढचं नाव घेत होतं आणि माणसं आपापलं चुकू नये म्हणून घाईनं 'हजर, हजर' म्हणत होती. मी घाबरून पान ताजं करायची कळ दाबली.

मशीननं वेशीपासून परत सुरुवात केली.

पहिलं नाव. कुणी 'हजर' म्हणालं नाही. दुसरं नाव. एक लहान पोरगी म्हणायला गेली, तिच्या आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. गेलेल्यांना दोनदा बोलावतात का? त्या शांततेत मशीन एकेक नाव घेत होतं, तीन सेकंद थांबत होतं, कुणी नाही म्हणून पुढं जात होतं.

गुरुजी उठले. चालत स्पीकरपाशी गेले आणि त्यांनी वायर ओढून काढली. मग गावाकडं तोंड करून त्यांनी तोंड उघडलं. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. ते 'बाळ' म्हणाले. परत म्हणाले. पहिल्या ओळीच्या पलीकडं काही पोचलं नाही.

मी शेवंताबाई उभ्या होत्या तिकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

शेवंताबाईंचं अंगण

ती एक ओळ खोडायला आणि नुसती सुधारित फाइल ठेवायला दोन मिनिटं लागली नाहीत. सातही बाळं आपापल्या घरातल्या नावांखाली परत आली. पण पुन्हा असं होऊ नये म्हणून मी गुरुजींना म्हणालो, "प्रत्येक नोंदीला एक वेगळा नंबर देऊ. मग मशीन कुणालाच एक समजणार नाही. आधुनिक पद्धत तीच आहे."

गुरुजींनी हात पुढं केला आणि लॅपटॉपला लावलेला पेनड्राइव्ह स्वतःच काढून घेतला. कान जवळ नेला तेव्हा ऐकू आलं ते असं, "नंबर नको, सर. तवा लई नंबर दिले आम्हाला. पत्र्याला नंबर, घराला नंबर, झाकलेल्या कापडाला नंबर." जरा दम खाऊन म्हणाले, "फुडल्या साली एखाद्या पोरीला वाचायला लावीन. अडलं तर ती थांबती तरी."

मन्मथ सर एवढंच म्हणाले, "गाडी काढतो." मला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

जाण्याआधी मी शेवंताबाईंकडं गेलो. त्या अंगणात सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढं धरला. "मावशी, बघा. आलं. चूक माझी होती, सुधारली."

त्यांना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी बराच वेळ पडद्याकडं बघितलं. "ह्यातलं माझं कोनतं?"

मी बोट ठेवलं. यादी खाली सरकवली, परत वर घेतली, आणि माझा स्वतःचाच गोंधळ झाला. सगळीकडं तीच दोन अक्षरं. मालकांचं नाव शोधून काढावं लागलं. "हे," मी म्हणालो. "वाचून दाखवू का आवाजात? तुम्ही आत्ता म्हणा."

"आत्ता?" त्यांनी सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "एकटीनं म्हनून काय? ते समद्यांत म्हनायचं आसतंय."

"मग पुढच्या वर्षी..."

"फुडल्या वर्सी मी आसंल का काय ठावं. छातीचं दुखनं हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मी गेल्यावर मालकांना, आत्याबाईंना 'हजर' म्हनायला पुतन्या हाय. बाळाला मी सोडून कुनी बघितलंबी न्हाई. त्याला कोन म्हनंल?"

"मी म्हणेन," मी बोलून गेलो. "दर वर्षी येईन नांदेडहून. मी म्हणेन, मावशी."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. मग सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि सकाळी केली होती तशीच मान तिरपी केली.

"म्हना बरं."

तीन तालुक्यांत ज्याच्या तोंडाला कुणी लागत नाही असा मी. मी तोंड उघडलं. तीन अक्षरं होती. घशातून हवा निघाली, गुरुजींची निघते तशी, आणि तेवढीच.

त्या थांबल्या. मशीन थांबत होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त थांबल्या. मग सूप परत मांडीवर घेतलं.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी हुकंल."